सत्तावीस दारं

टोकियो
२ एप्रिल २०२३

ती. सिंधूआत्या यांस,
विभाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायची सोय तुमच्या कानांनी ठेवली नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही नुसता अंगठा दाखवता, म्हणून ही ईमेल. बाबा म्हणाले, सिंधूला लिहायचं तर नीट पत्रच लिही, नाहीतर चुका काढून परत पाठवेल. तेव्हा पार्थला शेजारी खेळायला पाठवून नीट बसून लिहिते आहे.

काम आहे, ते आधीच सांगते. आपल्या अख्ख्या घराण्यात नगरसेविका एकच, आणि ती तुम्ही. मला निवडणूक कशी जिंकतात ते शिकवा. माझी नाही, मिझुनो-सानची.

आम्ही राहतो त्या वसाहतीच्या तळमजल्यावर एक सभागृह आहे. तिथे दर गुरुवारी शाळा सुटल्यावर परदेशी मुलांसाठी जपानीचा वर्ग भरतो. एकोणीस मुलं आहेत. नेपाळी, चिनी, फिलिपिनो आणि तीन आपली. मिझुनो-सान तो वर्ग फुकट चालवतात. सदुसष्ट वर्षांच्या आहेत, निवृत्त शिक्षिका, पाऊस असो की ऊन, सायकलवरूनच येणार. पार्थ इथल्या सरकारी शाळेत जायला लागला तेव्हा पहिली दोन वर्षं तो वर्गात एक शब्द बोलला नाही. अक्षरशः एक नाही. बाई रोज वहीत लिहून पाठवायच्या, आजही पार्थ-कुन शांत होता. ते वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. मिझुनो-सानकडे जायला लागल्यावर चौथ्या महिन्यात त्याने वर्गात हात वर केला. आता इतका बोलतो की मी मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीत येतं.

आता ते सभागृह पुढच्या मार्चमध्ये पाडणार आहेत. पर्यायी जागा दोन स्टेशनं पलीकडे, आणि तिथे गुरुवारी ढोलवाल्यांचा सराव असतो. म्हणजे वर्ग बंदच. चार वर्षं अर्ज-विनंत्या करून मिझुनो-सान थकल्या आणि आता म्हणतात, आत जाऊनच बोलते. २३ एप्रिलला आमच्या वॉर्डाच्या कौन्सिलची निवडणूक आहे. चाळीस जागा, अपक्ष म्हणून त्या उभ्या आहेत.

सारंग म्हणतो, आपण इथे पाहुणे. ऑफिसला जायचं, व्हिसा रिन्यू करायचा, कचरा वेगवेगळा करायचा आणि गप्प बसायचं. मला ते पटत नाही. दहा वर्षं राहून पाहुणे कसले? पण मला मत नाही, हे खरं. तुम्हाला तिकडे इंग्लंडमध्ये भारतीय पासपोर्टवर मतही देता येतं आणि उभंही राहता येतं, हे इथे सांगितलं तर लोकांना थाप वाटते.

मत नाही तर नाही, पण पाय आहेत ना? काय करू ते सांगा.

तुमची,
विभा


हॅझलफर्ड
४ एप्रिल २०२३

चि. विभा हिस अनेक आशीर्वाद.

पत्रात दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलं आहे, पण मजकूर चांगला आहे म्हणून माफ.

निवडणूक दारावर जिंकतात. भाषणं, पत्रकं, पोस्टर, हे सगळं उमेदवाराचं समाधान. लोक मत देतात ते दारात उभ्या राहिलेल्या माणसाला. तेव्हा घरांची यादी कर. एका संध्याकाळी वीसपेक्षा जास्त घरं घ्यायची नाहीत. प्रत्येक घरापुढे खूण करायची: आपला, त्यांचा, डळमळीत. माझ्या यादीत चौथा रकानाही आहे, कुत्रा. तीन मिनिटांच्या वर थांबू नकोस. आत बोलावलं तर जाऊ नकोस, चहात अर्धा तास जातो. आणि शेवटी स्पष्ट मागायचं, मला तुमचं मत हवं आहे. आपल्याकडच्या बायकांना मागायची लाज वाटते. मी सव्वीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर होते, या गावातलं प्रत्येक दार मला ठाऊक आहे, तरी पहिल्यांदा मागताना जीभ टाळूला चिकटली होती.

इथली निवडणूक ४ मेला. आमच्या विभागात एक जागा, तीन उमेदवार. मी अपक्ष. माझा मुद्दा एकच, चौदा नंबरची बस. ती बंद केल्यापासून टेकडीवरच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात जायला टॅक्सी करावी लागते. मी दारोदार सांगते आहे, मला निवडून द्या, बस परत आणते. ब्रेंडा नावाची मैत्रीण बरोबर असते. तिचे गुडघे दुखतात आणि माझे कान गेले आहेत, दोघी मिळून एक धड बाई होतो.

सारंगरावांना सांग, पाहुणे दहा वर्षं राहत नाहीत.

आत्या


टोकियो
१८ एप्रिल २०२३, सकाळी

ती. आत्या,

घाईत लिहिते आहे, पार्थ आत्ताच शाळेत गेला.

प्रचार रविवारपासून सुरू झाला. इथे सातच दिवस मिळतात. उमेदवार पांढरे हातमोजे घालून गाडीतून फिरतात आणि भोंग्यावर स्वतःचं नाव सांगत राहतात. मुद्दा कुणीच सांगत नाही, नुसतं नाव आणि धन्यवाद. तुमचं म्हणणं लगेच पटलं, याने कोण मत देणार?

मी रविवार आणि सोमवार मिळून आमच्या दोन इमारतींतली सत्तावीस दारं केली! सारंगला वाटतंय मी योगाच्या क्लासला गेले होते. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात कसं जायचं, म्हणून शनिवारीच बेसनाचे लाडू केले. इथेही कुणाला भेटायला जाताना काहीतरी नेतातच. आम्ही राहायला आलो तेव्हा शेजाऱ्यांना टॉवेल वाटले होते. एका पिशवीत तीन लाडू, वर गुलाबी दोरा, आणि आत मिझुनो-सानच्या नावाची चिठ्ठी. पार्थने पिशव्या धरल्या.

लोक किती चांगले आहेत, आत्या. प्रत्येकाने वाकून नमस्कार केला, पिशवी दोन्ही हातांनी घेतली, मुद्दाम तसदी घेतलीत म्हणाले. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. तुमच्या यादीप्रमाणे खुणा केल्यात: आपले पंचवीस, डळमळीत दोन, कुत्रा शून्य, कारण इमारतीत कुत्रे चालत नाहीत.

मिझुनो-सानना अजून सांगितलेलं नाही. सत्तावीस घरांची यादी एकदम त्यांच्या हातात ठेवणार आहे. आज संध्याकाळी तिसरी इमारत.

विभा


हॅझलफर्ड
१८ एप्रिल २०२३

विभा,

आशीर्वाद नंतर. आज संध्याकाळी तिसऱ्या इमारतीत जाऊ नकोस.

लाडू मी सांगितले नव्हते. इथे मतदाराला खाऊ-पिऊ घालून मत मागणं हा गुन्हा आहे. मी तर ब्रेंडाला दारात पेपरमिंटसुद्धा वाटू देत नाही. तिथे काय कायदा आहे मला माहीत नाही, आणि ते मी आधी विचारायला हवं होतं. आत्ताच्या आत्ता मिझुनोबाईंना फोन कर आणि सगळं सांग. लपवू नकोस.

उत्तर लगेच दे.

आत्या


हॅझलफर्ड
२१ एप्रिल २०२३

विभा,

तीन दिवस झाले, तुझं उत्तर नाही. तुझ्या वडिलांना विचारलं, ते म्हणतात सगळं ठीक आहे. म्हणजे तू त्यांनाही सांगितलेलं नाहीस.

एक ओळ लिही.

आत्या


टोकियो
२५ एप्रिल २०२३

ती. आत्या यांस नमस्कार.

तुमचं पत्र मी मंगळवारी दुपारी वाचलं. तोवर उशीर झाला होता. पार्थला शाळेतून घेऊन आले तर आमच्या दाराच्या मुठीला एक पिशवी अडकवलेली होती. गुलाबी दोरा तसाच, लाडू तसेच. बुधवारी सकाळपर्यंत एकोणीस पिशव्या परत आल्या. कुणी बेल वाजवली नाही. मुठीला जागा उरली नाही म्हणून लोकांनी त्या दाराशी ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

इथे निवडणुकीत दारोदार जाऊन मत मागायला बंदी आहे, आत्या. उमेदवाराला, कार्यकर्त्याला, कुणालाच परवानगी नाही. मतदाराला खायला देणं तर लाच. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला प्रचाराला नेता येत नाही. मी दोन संध्याकाळींत तिन्ही करून मोकळी झाले. भोंग्यावर लोक नुसतं नाव का सांगतात ते मला आता कळलं. दुसरं फारसं काही करताच येत नाही.

कुणीतरी निवडणूक कार्यालयाला कळवलं. बुधवारी मला बोलावलं. सारंग अर्धी रजा टाकून बरोबर आला. तिथले अधिकारी ओरडले असते तर बरं झालं असतं. अतिशय सभ्यपणे विचारत राहिले, ही कल्पना कुणाची? उमेदवाराला माहीत होतं का? मी लिहून दिलं की कल्पना माझीच, मिझुनो-सानना काही माहीत नव्हतं. तुमचं नाव घेतलं नाही. लेखी ताकीद देऊन सोडलं.

मिझुनो-सानना त्यांच्या माणसांनी सांगितलं, ही बाई आमच्या ओळखीची नाही असं म्हणून टाका. गुरुवारी सकाळी त्या स्टेशनबाहेर माईक घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या वर्गातल्या एका पालकांनी नियम माहीत नसल्यामुळे चूक केली, त्याबद्दल मी माफी मागते. कमरेतून वाकल्या. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वर्गही घेतला.

काल निकाल लागला. चाळीस जागा. मिझुनो-सान एक्केचाळिसाव्या. अडतीस मतांनी पडल्या.

सगळे म्हणतात, तुमच्यामुळे नाही. त्यांची माणसं म्हणाली, वर्गातल्या आया म्हणाल्या, खुद्द मिझुनो-सान म्हणाल्या, विभा-सान, मनाला लावून घेऊ नका. इथे सगळे असंच म्हणणार, घर जळालं तरी म्हणणार. पण मला हिशोब येतो. सत्तावीस घरं, एका घरात दोन-दोन मतं, आणि ज्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं असेल ते वेगळेच.

एक विचारते. तुम्ही इतकी वर्षं कौन्सिलवर होतात. दर देशाचा नियम वेगळा असतो, हे तुम्हाला सुचायला नको होतं? लाडवांचा दोष माझा, पण दारं तुमची होती. मला तुमचा राग आला आहे आणि तो लपवून गोड पत्र लिहिणं जमणार नाही.

विभा


हॅझलफर्ड
२७ एप्रिल २०२३

चि. विभा हिस आशीर्वाद.

राग बरोबर आहे. आणखी थोडा येईल, कारण आता मी जे सांगणार आहे ते बारा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

मी नगरसेविका नाही. कधीच नव्हते. २०११ला उभी राहिले आणि पडले. २०१५ला पडले. २०१९ला पडले, दोनशे चौदा मतं. पहिल्या वेळी तुझ्या वडिलांना लिहिलं होतं की मी कौन्सिलसाठी उभी राहते आहे. तो अर्धं पत्र वाचून उठतो, हे तुला माहीत आहेच. त्याने ठाण्यात सगळ्यांना सांगितलं, आमची सिंधू विलायतेत नगरसेविका झाली. त्या डिसेंबरात मी आले तर घरच्या कार्यक्रमात माझा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, हार. ऐंशी माणसं जेवायला. माइकवर माझं नाव पुकारलं आणि मी उठले, विभा. उठून शाल घेतली. तिथे सांगता आलं असतं. पुढे दर वर्षी सांगता आलं असतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. पण आपल्या घराण्यात नगरसेविका एकच, हे वाचलं आणि मला बरं वाटलं. तीनदा पडलेल्या बाईने तुला निवडणूक जिंकायला शिकवलं.

माफ कर म्हणत नाही, तुला जमेल तेव्हा कर. पण आता रडत बसायचं नाही. फारच रडायचं असेल तर शनिवारपर्यंत रड.

तुला निवडणूक जिंकायची नव्हती. तुला वर्ग वाचवायचा होता. निवडणूक संपली, वर्ग अजून आहे, सभागृह पाडायला अकरा महिने आहेत. आमच्या कौन्सिलकडे कुणीही अर्ज घेऊन जाऊ शकतं, सह्या असल्या तर त्यांना तो ऐकावा लागतो. तिथे तसं काही आहे का? असेल तर परदेशी माणसाला चालतं का? या वेळी आत्याला विचारू नकोस, कार्यालयात जाऊन खिडकीवर विचार. आणि उत्तर लिहून घे.

चालत असेल तर सुरुवात त्याच सत्तावीस दारांपासून कर. नवीन दारं सोपी असतात, ती कुणालाही जमतात.

आत्या


टोकियो
३ मे २०२३

ती. आत्या,

शनिवारपर्यंत मुदत दिली होतीत, मी शुक्रवारीच संपवलं.

तुमचं पत्र वाचून आधी लॅपटॉप धाडकन मिटला. मग सारंगला वाचून दाखवलं. तो शालीपर्यंत आला आणि हसायला लागला, त्याचं हसणं थांबेना, मग मलाही आवरेना. आठ दिवसांनी आमच्या घरात कुणी हसलं. राग अजून आहे, पण तो तुम्ही पडलात म्हणून नाही. तुम्ही चौथ्यांदा उभ्या आहात आणि आम्हाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, याचा आहे.

शुक्रवारी खिडकीवर गेले. कारकून तरुण मुलगी होती. मी तिला सहा प्रश्न लिहून नेले होते. वॉर्डाच्या कौन्सिलकडे अर्ज करता येतो. नागरिकत्व लागत नाही, वय लागत नाही, पत्ता आणि सही पुरते. सह्या जितक्या जास्त तितकं बरं. मग मी विचारलं, सह्यांसाठी दारोदार गेलं तर चालेल? हो. नक्की? हो, ही निवडणूक नाही. मी तेच तिसऱ्यांदा विचारल्यावर ती आत जाऊन साहेबांना विचारून आली. चालतं. उत्तर तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि खाली शिक्का मागितला. शिक्का मात्र मिळाला नाही.

अर्ज माझ्या नावाने करते आहे. मिझुनो-सान म्हणाल्या, माझ्या नावाने नको, हरलेल्या उमेदवाराचा रुसवा वाटेल.

शनिवारपासून तीच दारं. या वेळी काहीही न घेता गेले. ते किती जड जातं तुम्हाला कळेल, हात कुठे ठेवायचे तेच समजत नव्हतं. बेल वाजवायची, आधी वाकायचं, लाडवांबद्दल माफी मागायची, आणि मग अर्ज पुढे करायचा. पहिल्या तीन दारांनी ऐकून घेतलं आणि विचार करतो म्हणाले. आता मला माहीत आहे की त्याचा अर्थ नाही असा होतो.

चौथं दार मोरिता-सानचं. पंच्याहत्तरीचे आहेत, एकटे राहतात. मी माफी मागितली तर म्हणाले, "कार्यालयाला मीच कळवलं होतं. नियम म्हणजे नियम."

मी म्हटलं, "तुम्ही बरोबर केलंत."

त्यांना बहुतेक हे अपेक्षित नव्हतं. अर्ज घेतला, चष्मा लावला, दारातच उभं राहून सगळा वाचला आणि आतून लाल पेन आणलं. माझ्या जपानीतल्या अकरा चुका दुरुस्त केल्या. मग म्हणाले, "मी कशावरही सही करत नाही. पण हे असं कुणाला दाखवू नका, हसतील." आणि दार लावलं.

तो दुरुस्त केलेला अर्ज घेऊन पाचव्या दारात गेले आणि पहिली सही मिळाली. सत्तावीसपैकी चौदा झाल्या. ज्या दारांवर मी पंचवीस आपले अशी खूण केली होती ना, तीच ही.

उद्या तुमचं मतदान. खरं सांगा, कसं आहे?

विभा


हॅझलफर्ड
६ मे २०२३

चि. विभा हिस अनेक आशीर्वाद.

पडले. निकाल असा: मजूर पक्षाचे गृहस्थ सहाशे अकरा, मी पाचशे अठ्ठ्याऐंशी, तिसरे दोनशे तीन. जागा तेवीस मतांनी गेली.

मोजणी काल बॅडमिंटनच्या हॉलमध्ये झाली. टेबलावर गठ्ठे लावतात आणि लांबून दोन गठ्ठे सारखेच दिसत होते. ब्रेंडाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून दुखतो आहे. मतदानाला या वर्षी पहिल्यांदाच ओळखपत्र मागितलं. मी अशोकस्तंभाचा पासपोर्ट दाखवला, टेकडीवरच्या म्हाताऱ्यांनी बसचा पास दाखवला. बस येत नाही, पण बसचा पास मत द्यायला चालतो. असा आमचा देश.

आता जे विचारलंस ते. तुझ्या आधीच्या पत्रानंतर मला झोप नीट लागेना. मी दारोदार सांगत होते, बस परत आणते. बस आमच्या कौन्सिलच्या हातात नाही, विभा. ती वरच्या, काउंटीच्या कौन्सिलकडे. आमच्याकडे कचरा, बागा आणि पार्किंग. हे मला २०११पासून माहीत आहे. बस म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात म्हणून म्हणत होते. शाल घेतली तसंच.

म्हणून शेवटचे पाच दिवस मी पुन्हा त्याच घरांना गेले. एकशे चाळीस घरं. सांगितलं, बस माझ्या हातात नाही, मी फक्त काउंटीच्या मागे लागू शकते, रोज लागेन. ब्रेंडा म्हणाली, तुला वेड लागलंय, असं मतदानाच्या आठवड्यात कुणी सांगतं का? काहींनी तोंडावर दार लावलं. एक आजोबा म्हणाले, मग तुला मत कशाला देऊ? त्या एकशे चाळीस घरांत तेवीस मतं होती का? असतील. मागच्या वेळी दोनशे चौदा होती, या वेळी पाचशे अठ्ठ्याऐंशी. खरं बोलण्याने वाढली की कमी झाली, ते गठ्ठे पाहून कळत नाही.

वाईट वाटलं. घरी येऊन कोट न काढता तासभर खुर्चीत बसून राहिले. तुला खोटं सांगणार नाही.

आज सकाळी ठाण्याच्या ग्रुपवर लिहिलं, मी नगरसेविका नाही, कधीच नव्हते, चारदा उभी राहिले आणि चारदा पडले. तुझ्या वडिलांनी फक्त एक अंगठा पाठवला आहे. सोमवारपासून काउंटीच्या मागे. तुझा अर्ज कधी जायचा आहे? सह्या किती झाल्या? पडलेल्या बाईला सांगण्यासारखं काही असेल तर लवकर सांग.

आत्या


टोकियो
१६ जून २०२३

ती. सिंधूआत्या यांस,
विभाचा साष्टांग नमस्कार.

मधली तीन पत्रं चार-चार ओळींची झाली, कारण रोज संध्याकाळी दारं चालली होती. आज सगळं सांगते.

अर्ज मेअखेरीला दिला. अकराशे चाळीस सह्या. सत्तावीसपैकी शेवटी एकवीस. सारंग दुसऱ्या आठवड्यापासून ऑफिसातून परस्पर यायला लागला. टाय तसाच, हातात फायली. पाहुणा म्हणून बराच कामाचा निघाला.

परवा, बुधवारी समितीपुढे सुनावणी होती. अध्यक्ष सोडून आठ सभासद. अर्जदाराला पाच मिनिटं मिळतात, घड्याळ समोर. मी भाषण पाठ केलं होतं आणि उभी राहिल्यावर पहिलं वाक्यच आठवेना. समोर आठ माणसं शांतपणे माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला पार्थचा वर्ग कसा असेल ते कळलं. दोन वर्षं तो रोज असा उभा राहत होता. मी कागद बाजूला ठेवला आणि तेच सांगितलं. म्हटलं, माझा मुलगा दोन वर्षं बोलला नाही, आत्ता माझं झालंय तसं रोज त्याचं होत होतं, आणि त्याला ज्या खोलीत बोलता आलं ती तुम्ही पाडणार आहात. खोली पाडा, पण गुरुवार पाडू नका. जपानी तुटकंच होतं. मोरिता-सान असते तर निम्मं लाल केलं असतं.

मग त्यांनी हात वर करायला सांगितलं. मी मोजले. तीन. मग टोकाच्या एका बाईंनी वर केला, चार. चारवर चार झालं तर निर्णय अध्यक्षांचा, आणि अध्यक्ष सभागृह पाडायच्या बाजूचे. एक वयस्कर गृहस्थ अर्जाचं पान उलटून सह्या बघत होते. त्यांनी पान खाली ठेवलं आणि हात वर केला. पाच.

अर्ज मंजूर. सभागृह पडेलच, पण वर्गाला एप्रिलपासून प्राथमिक शाळेतली विज्ञानाची खोली गुरुवारी द्यावी, अशी शिफारस झाली आहे, आणि कार्यालयातल्या माणसाने वेळापत्रकात नोंद करतो म्हणून बाहेर येऊन सांगितलं. मी ते लिहून घेतलं.

प्रेक्षकांच्या बाकावर टाळ्या वाजवायला मनाई आहे. मिझुनो-सान तिथे बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, सरळ समोर बघत. बाहेर आल्यावर आम्ही सायकली लावल्या होत्या तिथे गेलो. मी म्हटलं, मिझुनो-सान, तुम्ही आत असतात तर हे एवढं करावंच लागलं नसतं. मला वाटलं, नेहमीसारखं म्हणतील, मनाला लावून घेऊ नका.

त्या कुलूप काढता काढता थांबल्या आणि म्हणाल्या, "हो. अडतीस मतं होती, विभा-सान. मीही मोजली आहेत. मी तुमच्यामुळे पडले असं मला वाटतं. एप्रिलपासून तुम्हाला सांगायचं होतं, जमत नव्हतं."

आत्या, दोन महिने सगळा गाव मला तुमच्यामुळे नाही म्हणत होता आणि त्यातल्या एकाही शब्दाने मला बरं वाटलं नव्हतं. हे ऐकून मी तिथेच, सायकलींच्या मध्ये, ढसाढसा रडले. वाईट वाटून नाही. कुणीतरी मला पाहुणी समजायचं थांबवलं होतं, म्हणून.

त्या मला रडू देत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चार वर्षांनी मी पुन्हा उभी राहणार. एकाहत्तर वर्षांची असेन. तुम्ही माझ्याबरोबर काम करणार. पण आधी नियमांचं पुस्तक पूर्ण वाचायचं."

मी म्हटलं, "हो."

आणि सायकली काढून आम्ही आपापल्या दिशेने गेलो, कारण दुसऱ्या दिवशी गुरुवार होता आणि दोघींनाही वर्गाची तयारी करायची होती.

तुमचीही पुढची निवडणूक २०२७लाच येते ना? तुम्ही तेव्हा पंच्याहत्तरच्या. उभ्या राहणार की नाही, हे मी विचारत नाही. तुमच्याकडच्या नियमांचं पुस्तक मात्र मला पाठवा, मी दोन्ही वाचते.

तुमची,
विभा